स्विफ्टच्या मूळ १४ इंची रिमवर १६५/८० च्या जागी कोणती साइज?

घाटमाथा
गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय, २०१९. मूळ टायर १६५/८० आर १४, ८५ टी. रिम कंपनीची, लोखंडी. चाकावरची झाकणाची वाटी काढून पाहिलं तर १४ x ५ जे (व्यास १४ इंच, रुंदी ५ इंच) असा ठसा आहे. नक्षीच्या चरांमधल्या टीडब्ल्यूआयच्या (झीज दाखवणाऱ्या) आडव्या पट्ट्या रबराच्या सपाटीला आल्यात, म्हणजे चारही टायर बदलायचे. रिम बदलायची नाही, हे पक्कं.

तीन दुकानांत तीन उत्तरं मिळाली: १७५/६५, १८५/६५ आणि १८५/७०, सगळे आर १४. तिघांचंही एकच म्हणणं, "आरामात बसतो". बसतो हे मान्य. पण चालेल का, आणि चालला तर कशाच्या मोलावर, ते हवंय. वापर: रोज गावातला रस्ता, महिन्यातून दोनदा घाट, पावसाळ्यात कोकण.

पाचवा_गिअर
१८५/७० आर १४. डोळे मिटून घ्या.

रबरी_गणित
डोळे उघडे ठेवून घेऊ या. :)

पहिलं काम उंचीचं, म्हणजे चाकाच्या एकूण व्यासाचं. सूत्र सोपं आहे. १६५ ही रुंदी मिलीमीटरमध्ये. ८० हा टक्का: साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ८० टक्के. १४ हा रिमचा व्यास इंचात. रिमचे मिमी करा (१४ x २५.४ = ३५५.६) आणि त्यात साइडवॉल दोनदा मिळवा, कारण ती खालीही असते आणि वरही.

१६५/८०: साइडवॉल १३२, व्यास ६१९.६ मिमी. हा आपला मापदंड.
१७५/६५: साइडवॉल ११३.७५, व्यास ५८३.१. जवळपास ५.९ टक्के कमी.
१८५/६५: साइडवॉल १२०.२५, व्यास ५९६.१. ३.८ टक्के कमी.
१८५/७०: साइडवॉल १२९.५, व्यास ६१४.६. ०.८ टक्के कमी.
१७५/७०: व्यास ६००.६. ३.१ टक्के कमी.

१७५/६५ घेतला तर गाडी निम्म्या फरकानं, म्हणजे १८ मिमी खाली बसते. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३. त्यातले १८ गेले तर गावातल्या प्रत्येक गतिरोधकावर कळेल. शिवाय मीटर खोटं बोलायला लागतं. ओडोमीटरवर १०,००० पडले तेव्हा मूळ टायरच्या हिशेबानं गाडी ९,४११ च किमी चाललेली असते. पडद्यावर मायलेज वाढलेलं दिसतं आणि मालक खूश होतो. पेट्रोल तेवढंच जळालेलं असतं, किलोमीटर फुगलेले असतात.

१८५/७० ला हाच आकडा ९,९१९. नवा टायर आणि झिजलेला टायर यांच्या व्यासातही याहून जास्त फरक असतो. म्हणजे उंचीच्या चाळणीतून चारांपैकी एकच पार झाला.

सोनचाफा
गणित चोख आहे. फक्त सर्वसाधारण नियमही लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या गाडीवाल्यांना उपयोग होईल: मूळ व्यासापासून २ टक्क्यांच्या आत राहा, ३ ला हात लावू नका. मोठ्या बाजूला तर जास्तच जपून, कारण टायर मोठा झाला की काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागतो.

कंपन्या स्वतः व्यास किती घट्ट धरून ठेवतात ते बघा. याच स्विफ्टच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर १५ येतो. व्यास ६२१.५. म्हणजे लोखंडी १४ आणि अलॉय १५ यांत जेमतेम २ मिमीचा फरक. बलेनोला १८५/६५ आर १५ आणि १९५/५५ आर १६: ६२१.५ आणि ६२०.९. टाटा पंचला १८५/७० आर १५ आणि १९५/६० आर १६: ६४० आणि ६४०.४. रिम वाढली तशी साइडवॉल कमी केली, बाहेरचं वर्तुळ जागच्या जागी. आपणही तेच करायचं.

पाचवा_गिअर
मग मी काय वेगळं सांगितलं? १८५/७०.

नानबा
उत्तर बरोबर असेल, पण कारण सांगितल्याशिवाय पुढचा माणूस तेच उत्तर वॅगनआरला लावेल.

व्यासानंतरची चाळणी रिमच्या रुंदीची. मूळ रिम ठेवायची म्हटल्यावर खरी मर्यादा हीच, आणि दुकानात नेमकं हेच कोणी बघत नाही. प्रत्येक टायर-साइजला रिमच्या रुंदीचा मान्य टप्पा असतो. युरोपात ईटीआरटीओ आणि आपल्याकडे आयटीटॅक या संस्था ही मापं ठरवून देतात. टायर कंपन्यांच्या तक्त्यांत तेच आकडे असतात.

१६५/८०: ४ ते ५.५ इंच.
१७५/७०: ४.५ ते ६.
१८५/७०: ४.५ ते ६.
१८५/६५: ५ ते ६.५.
१९५/६५ आणि १९५/६०: ५.५ ते ७.

घाटमाथांची रिम ५ जे. १८५/७० मान्य टप्प्यात आरामात आहे. पण त्या टायरचं मोजमाप ज्या रिमवर धरतात ती ५.५ ची, म्हणजे इथे तो अर्धा इंच अरुंद रिमवर बसणार. चालतं, पण साइडवॉल किंचित फुगीर राहते आणि वळणावर गाडी कणभर उशिरा प्रतिसाद देते. १८५/६५ हा ५ च्या अगदी काठावर. १९५ तर यादीतच नको, कोणी कितीही "बसतो" म्हणालं तरी.

अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की बीड (टायरच्या रिमवर टेकणाऱ्या, तार असलेल्या कडा) आत ओढले जातात, टायर मधून फुगतो आणि मधली नक्षी आधी जाते. उलट केलं, रुंद रिमवर अरुंद टायर, तर साइडवॉल ताणली जाते, रिमची कड उघडी पडते आणि पहिल्याच खड्ड्यात रिम वाकते.

सोनचाफा
नानबा, एक भर. रिम अर्ध्या इंचानं अरुंद झाली की टायरची प्रत्यक्ष रुंदी साधारण ५ मिमीनं कमी भरते. त्यामुळे १६५ वरून १८५ ला गेलो म्हणजे २० मिमी वाढले, असं या रिमवर होत नाही. १६५/८० चं मोजमाप ४.५ च्या रिमवर धरलेलं, तो ५ वर थोडा पसरतो. १८५/७० चं ५.५ वर धरलेलं, तो ५ वर थोडा आवळतो. खरी वाढ १५ च्या आसपास, निम्मी आत, निम्मी बाहेर. घासेल का या प्रश्नाला हाच आकडा लागतो.

आणि लोड इंडेक्स, म्हणजे भार-निर्देशांक, सगळेच विसरलात. ८५ म्हणजे ५१५ किलो प्रति टायर. दुकानदाराच्या यादीतला १७५/६५ आर १४ हा ८२ चा असतो: ४७५ किलो. १७५/७० हा ८४: ५०० किलो. दोन्ही मूळपेक्षा कमी, म्हणून बाद. १८५/६५ हा ८६, ५३० किलो, भाराला पुरतो पण व्यासाला नापास. १८५/७० हा ८८, ५६० किलो.

"१७५/६५ चे चार टायर मिळून १,९०० किलो झाले की, गाडी तर हलकी आहे" हा हिशेब करू नका. पाच माणसं, डिकीत सामान, उतारावर ब्रेक, त्यात एक खड्डा: त्या क्षणी पुढच्या एकेका टायरवर चौथाईपेक्षा पुष्कळ जास्त वजन येतं. कंपनीच्या आकड्याच्या खाली जायचं नाही, एवढं सरळ आहे.

वेगाचं अक्षर: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. वरचं अक्षर चालतं, खालचं नाही.

घाटमाथा
हे इतकं स्पष्ट तीनपैकी एकाही दुकानात सांगितलं नाही. आभार. म्हणजे आता लढत १६५/८० विरुद्ध १८५/७०. १७५/७५ नावाचं माप एका तक्त्यात दिसलं, त्याचं काय?

रबरी_गणित
१७५/७५ आर १४ चा व्यास ६१८.१ भरतो, भार ८६. कागदावर उत्तम. पण आपल्याकडच्या दुकानांत सहसा मिळत नाही. जून २०२० पासून कारच्या टायरची आयात परवान्याखाली गेली, तेव्हापासून इथे न बनणाऱ्या मापांचे हाल आहेत. आणि एक टायर फाटला की जोडीचा दुसरा कुठून आणणार? जे माप जवळच्या तालुक्याच्या गावात मिळतं तेच घ्यावं.

कोकणवाट
मी १६५/८० च्याच बाजूनं. सगळे रुंदीच्या मागे लागलेत म्हणून लिहितो.

पावसात रस्त्यावर पाणी साचलं की टायरला ते बाजूला सारावं लागतं. टायर जितका रुंद तितकं समोर येणारं पाणी जास्त, आणि तेवढ्याच वजनाची गाडी जास्त जागेवर पसरलेली. बाकी सगळं सारखं असेल तर रुंद टायर पाण्यावर आधी तरंगतो. अरुंद टायर पाणी कापत जातो. स्टीअरिंग हलकं राहतं, मायलेज टिकतं, टायर स्वस्त पडतो आणि स्टेपनी जुळते.

कोरड्या रस्त्यावर ब्रेक आणि वळणातली पकड १८५ ची बरी, हे मान्य. पण ती पकड निम्मी मापातून येते आणि निम्मी रबरातून. गाडीबरोबर आलेला टायर बहुधा मायलेजकडे बघून निवडलेला असतो, रबर कडक. तेच १६५/८० माप ओल्या रस्त्यासाठी केलेल्या मऊ रबरात, खोल आणि रुंद चरांचं घेतलं तर मूळ टायरपेक्षा खूप वेगळी गाडी वाटेल. माप न बदलता.

पाचवा_गिअर
कोकणवाट, पाण्याचा मुद्दा बरोबर, पण १५ मिमीच्या फरकावर एवढं रान उठवू नका. चर किती खोल आहेत याचा परिणाम त्याहून मोठा. नवा १८५ हा अर्ध्या झिजलेल्या १६५ पेक्षा पावसात केव्हाही चांगला. आणि स्विफ्टला १६५ वर घाटातल्या वळणात पुढची चाकं कशी चिरकतात ते ऐकलंय सगळ्यांनी. १८५/७० वर तो आवाज नाही.

कोकणवाट
चर खोल हवेत यावर एकमत. मग दोघांनीही ३ मिमीला टायर बदलायला सांगू या. कायद्याची मर्यादा १.६ आहे, टीडब्ल्यूआयची पट्टीही तिथेच येते, पण पावसाळ्याच्या तोंडावर १.६ म्हणजे गोटाच. घाटमाथा, तुम्ही खरं तर थोडे उशिरा जागे झालात.

टोपी_पाना
आता बसवायच्या गोष्टी. साइज कोणतीही ठरवा, काम इथे बिघडतं.

१. रिम उतरवल्यावर बीड जिथे टेकतो ती गोल पट्टी बघा. लोखंडी रिमला तिथे गंज धरतो, पोपडे सुटतात. तारेच्या ब्रशनं पार धातूपर्यंत साफ करून घ्या, मग रंगाचा पातळ हात. हे न करता ट्यूबलेस चढवला की दर आठवड्याला ३-४ पीएसआय हवा उतरते, आणि दोष नव्या टायरला जातो.

२. व्हॉल्व्ह नवे. चारही, आणि स्टेपनीचाही. साधा रबरी टीआर ४१३ लागतो, किंमत किरकोळ. जुन्या व्हॉल्व्हचं रबर बुडाशी वाकवून बघा, बारीक चिरा दिसतील.

३. बीडला साबणाचं पाणी किंवा पेस्ट लावूनच चढवायला सांगा. कोरडा चढवला की बीडची कड फाटते. हवा भरताना दोन्ही बाजूंचा "टक्क" असा आवाज येतो, तेव्हा बीड बसला. ४० पीएसआयपर्यंत बसला नाही तर हवा सोडून, पुन्हा साबण लावून सुरुवात करायची. दाब वाढवत न्यायचा नाही, बीडची तार तुटली तर माणूस जायबंदी होतो.

४. बसल्यावर रिमच्या कडेला लागून टायरवर एक बारीक उठावाची रेघ असते. ती रेघ आणि रिमची कड यांतलं अंतर सगळीकडे सारखं हवं. बोटाचं नख फिरवत जा. एका जागी रेघ आत बुडालेली असेल तर तिथे बीड बसलेला नाही. असा टायर बॅलन्सिंगच्या मशीनवर पास होतो आणि ७० च्या वेगाला डुगडुगतो.

५. बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट. टायर बदलले म्हणून अलाइनमेंट बिघडत नाही, पण आधीची बिघडलेली असेल तर नव्या टायरची एक कड चार महिन्यांत खाईल. उतरवलेल्या जुन्या टायरची आतली कड बघा, तिच्यावर सगळं लिहिलेलं असतं.

नानबा
टोपी_पाना यांच्या चौथ्या मुद्द्यावर दहा वेळा +१. ती रेघ बघणारा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नका.

सातारी_कंदी
माझा प्रश्न वेगळ्या गाडीचा, पण इथेच विचारते. वॅगनआर १.०, मूळ १५५/८० आर १३. दुकानदार १७५/७० आर १३ म्हणतोय. चालेल?

नानबा
ताई, व्यास ५७८.२ विरुद्ध ५७५.२, फरक अर्धा टक्का. भार ७९ वरून ८२ वर जातो, म्हणजे ४३७ किलोवरून ४७५. दोन्ही चाळण्या पार. आता रिमवरचा ठसा वाचा. ४.५ असेल तर १७५/७० च्या मान्य टप्प्याची ती सगळ्यात खालची पायरी. नियमात बसतं, पण टायर बऱ्यापैकी फुगेल, आणि उंच गाडी वळणावर आधीच कलते ती अजून कलल्यासारखी वाटेल. ५ असेल तर निर्धास्त घ्या. ४.५ वर मी १५५/८० च ठेवायला सांगेन.

१६५/७० आर १३ कोणी पुढे केला तर घेऊ नका. व्यास ५६१, जवळजवळ ३ टक्के कमी.

सातारी_कंदी
ठसा ४.५ चाच निघाला. मग १५५/८०. किती सोपं झालं काम, धन्यवाद नानबा.

राईनकाठ
जर्मनीतून लिहितो. इकडे हा प्रश्न दुकानाच्या गल्ल्यावर सुटतच नाही, कारण गाडीच्या अनुरूपता-प्रमाणपत्रात मान्य मापं छापलेली असतात. त्याबाहेरचं माप लावायचं तर तपासणी संस्थेकडून मंजूर करून घ्यावं लागतं. हिवाळ्याचे टायर वेगळे. ऑक्टोबर २०२४ पासून त्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह लागतंच, नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) चालत नाही. मान्य मापांतलं अरुंद माप हिवाळ्यासाठी घेणारे इकडे बरेच आहेत. कारण तेच, जे कोकणवाट पाण्याबद्दल म्हणाले: अरुंद टायर ओल्या बर्फाच्या लगद्यात खाली घुसतो, वर तरंगत नाही.

भारतातल्या गाडीच्या मॅन्युअलमध्येही टायरचा तक्ता असतो. तो आधी बघावा.

कोकणवाट
राईनकाठ, माझ्या बाजूनं बोलायला थेट जर्मनीतून माणूस आला, दिवस सार्थकी लागला. :)

पाचवा_गिअर
कायद्याचं काय? १८५ लावला म्हणून कोणी अडवतं का?

सोनचाफा
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणीच्या कागदातले तपशील कंपनीनं मुळात दिलेल्यांपेक्षा वेगळे होतील असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही याच कलमावर कडक भूमिका घेतली. म्हणून माझा सल्ला एवढाच: तुमच्याच मॉडेलला कंपनीनं कुठल्या ना कुठल्या प्रकारात दिलेलं, मॅन्युअलच्या तक्त्यातलं माप घ्या, नाहीतर मूळच ठेवा. मडगार्डच्या बाहेर डोकावणारं चाक हे कोणत्याही हिशेबानं चूक. त्यात कायदा बाजूला ठेवला तरी बेअरिंगवर भार येतो आणि चिखल थेट दारावर उडतो.

टायरवर आयएसआयची खूण बघूनच घ्या. कारच्या टायरचं मानक आयएस १५६३३, तो आकडा साइडवॉलवर असतो.

रबरी_गणित
१८५/७० घेणाऱ्यांसाठी, घासतं का ते तपासायची पद्धत. अंदाजावर सोडू नका.

पुढचं चाक जॅकवर घेऊन पूर्ण डावीकडे वळवा. टायरची आतली खांद्याची बाजू आणि सस्पेन्शनच्या स्प्रिंगची खालची वाटी यांत बोट घाला. करंगळी मोकळी फिरली पाहिजे. मग पूर्ण उजवीकडे. दुसऱ्या चाकालाही तसंच.

नंतर मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या. सुपारीएवढ्या गोळ्या करून चाकावरच्या कमानीतल्या प्लॅस्टिकच्या लायनरवर चिकटवा, एक चाकाच्या बरोबर वर, एक पुढे आणि एक मागे मडफ्लॅपजवळ. मागे तीन माणसं बसवा, गतिरोधकावरून सावकाश न्या, मग रिकाम्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून पुढे-मागे करा. गोळी चपटी झाली किंवा तिच्यावर नक्षी उमटली तर तिथे घासतंय. बहुतेक वेळा मडफ्लॅपचा स्क्रू गुन्हेगार निघतो, तो आत सरकवला की मिटलं. स्प्रिंगच्या वाटीला घासत असेल तर मात्र ती साइज सोडून द्यायची. तिथे लायनर कापून उपयोग नाही, साइडवॉल कापली जाते.

घाटमाथा
हवा किती ठेवायची? गाडीवरचं हवेच्या दाबाचं स्टिकर १६५ साठी लावलंय. दुकानदार म्हणतो रुंद टायरला ३५ ठेवा.

सोनचाफा
३५ का, हे त्याला विचारा. बहुधा "सगळ्यांना तेवढीच भरतो" हे उत्तर येईल.

भार-निर्देशांकाचे किलो ३६ पीएसआयला धरलेले असतात. दाब कमी केला की क्षमता उतरते. समजा स्टिकर ३० सांगतं. ३० ला १६५/८० टायर साधारण ४४५ किलो पेलतो. तेवढंच वजन १८५/७० हा २७ लाच पेलेल. म्हणजे रुंद टायरला जास्त हवा लागते हा समज उलटा आहे. तरीही २७ करू नका. अरुंद रिम आहे, साइडवॉल आधीच फुगीर आहे, स्टिकरवरचाच आकडा ठेवा. ३५ ला मधला पट्टा झिजेल आणि गाडी दगडासारखी उडेल.

हवा थंड टायरला मोजायची. सकाळी, गाडी निघायच्या आधी. पंपापर्यंत पाच-सात किलोमीटर जाऊन मोजली तर २-३ पीएसआय जास्त दिसते. तेवढी सोडून दिली की घरी येईपर्यंत टायर भुकेला.

सातारी_कंदी
आणि नायट्रोजन?

टोपी_पाना
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट मिळत असेल तर घ्या. दर पंधरा दिवसांनी दाब मोजणं त्याहून मोलाचं.

नानबा
स्टेपनीचा मुद्दा राहिला. चार १८५/७० आणि स्टेपनी जुनी १६५/८०: व्यासाचा फरक ०.८ टक्का, त्यामुळे पंक्चरच्या दुकानापर्यंत जायला हरकत नाही. एबीएस चारही चाकांच्या फिरण्याचा वेग ताडून बघतं, एवढ्या फरकानं ते बिचकत नाही. पण एका आसावर दोन मापं घेऊन आठवडाभर हिंडू नका, पुढच्या आसावर तर नाहीच, कारण डिफरन्शियल (आसाच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतं. १७५/६५ घेतला असता तर हाच फरक ६ टक्के झाला असता. त्या दुकानदारानं स्टेपनीचा विचार केलेला नाही हे नक्की.

थार, जिम्नीवाले वाचत असतील तर: फोर-व्हील लावून असं जुळत नसलेलं चाक घेऊन पक्क्या रस्त्यावर अजिबात चालवू नका. पुढचा-मागचा आस एकमेकांना ओढतात आणि ट्रान्सफर केस (दोन्ही आसांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी) त्याचा भुर्दंड भरते.

आणि दोनच टायर बदलणाऱ्यांसाठी: नवे मागे लावा. पुढे नाही. ओल्या वळणावर मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते, ती सावरणं साध्या चालकाच्या हातात नसतं. पुढची सुटली तर निदान वेग कमी करून सावरता येतं.

पाचवा_गिअर
नव्या टायरनी पुढे असावं असंच सगळीकडे सांगतात, चाकं ओढणारी पुढची म्हणून. नानबा म्हणतात ते बरोबर आहे, टायर कंपन्याही तेच सांगतात. ही सवय मोडायला हवी.

रबरी_गणित
खरेदी करताना तारीख. साइडवॉलवर डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. ही ओळ कधी कधी फक्त एकाच बाजूला पूर्ण असते, म्हणून चढवायच्या आधी बघा. चारही टायर सहा महिन्यांच्या आतले मागा. बिलावर माप, पॅटर्नचं नाव आणि चारही क्रमांक लिहून घ्या, वॉरंटीला तेच लागतात. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. जुन्या दरपत्रकावरून भाव सांगत असतील तर विचारा.

घाटमाथा
ठरवलं. पाचवा_गिअर रागावू नका: १६५/८० आर १४, ८५ टी, ओल्या रस्त्याचं रबर, पाच नग, स्टेपनीसकट. कारणं तीन. माझ्या मॅन्युअलच्या तक्त्यात लोखंडी रिमसमोर हेच माप आहे, रिम ५ जे आहे, आणि पाऊस हा माझा मुख्य प्रश्न आहे. रिम ५.५ असती तर १८५/७० घेतला असता.

चढवल्यावर स्वतः काय तपासू?

पाचवा_गिअर
रागावायचं काय, कारणं चोख आहेत. ५.५ रिमवाल्यांसाठी माझं मत तेच.

टोपी_पाना
नट समोरासमोरच्या जोडीनं, दोन फेऱ्यांत आवळायला लावा, शेवटची फेरी चाक जमिनीवर टेकल्यावर, टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्याला. नुसती वाऱ्याची गन लावून सोडू देऊ नका. ५० ते १०० किमी झाले की पुन्हा एकदा पाना लावा. पहिले २००-३०० किमी जोरात ब्रेक आणि भरधाव वळणं टाळा, नव्या रबरावर साच्याचा तुळतुळीत थर असतो.

रबरी_गणित
आणि एकदा परीघ मोजून ठेवा, पुढे कामाला येतो. सपाट जागी, थंड टायर, स्टिकरवरची हवा, तुम्ही चालकाच्या जागी बसलेले. टायरच्या तळाशी खडूची रेघ, तिच्या बरोबर खाली जमिनीवर दुसरी. गाडी सरळ पुढे ढकलून पाच पूर्ण फेरे होऊ द्या, पुन्हा जमिनीवर रेघ मारा, फीत लावा. कागदावरचा परीघ १,९४६ मिमी आहे, पण वजनानं टायर दबतो म्हणून पाच फेऱ्यांना साधारण साडेनऊ मीटरच्या आसपास भरेल. आकडा मॅन्युअलच्या मागच्या पानावर लिहा. दोन वर्षांनी पुन्हा मोजलात की झीज कळेल, आणि जीपीएसशी मीटर ताडायलाही तोच आधार.

घाटमाथा
शनिवारी चढवले. दुकानात एका टायरची ती उठावाची रेघ खरंच एका बाजूला आत गेलेली निघाली, हवा सोडून, साबण लावून पुन्हा बसवून घेतला. पाच फेऱ्यांचं माप ९ मीटर ४३ सेंमी.